चौथं कलम

माझे वडील चोपन्न वर्षं एकाच कराविरुद्ध अर्ज लिहीत होते. त्यांचा शेवटचा अर्ज मात्र तो कर पुन्हा लावावा, असं सांगणारा निघाला.

तो मला ते गेल्यानंतर चौथ्या दिवशी सापडला. वडील, आमचे दादा, पेणहून रोह्याला माझ्याकडे येत होते. खांब गावाला बस थांबली तेव्हा त्यांनी कंडक्टरकडे पाणी मागितलं. कंडक्टर समोरच्या हॉटेलातून तांब्या घेऊन परत येईपर्यंत सगळं संपलं होतं. ही हकीकत कंडक्टरनेच माझ्या नवऱ्याला, पुंडलिकला, सांगितली आणि दादांची खाकी पिशवी त्याच्या हातात दिली. पिशवी चार दिवस आमच्या खुंटीवर लटकत होती. चौथ्या दिवशी मी चष्म्यासाठी ती उघडली, कारण तो हौसाआत्याला हवा होता. तिला त्या नंबरच्या चष्म्यातून दिसणार काहीच नव्हतं. भावाची वस्तू तेवढी हवी होती.

चष्मा एका कागदावर ठेवलेला होता. दादांचं अक्षर मी कुठेही ओळखलं असतं. पेणला एका गणपतीच्या कारखान्यात ते आयुष्यभर मूर्तींचे डोळे रेखायचे, आणि त्याच हाताने अर्ज लिहायचे. अठ्ठ्याहत्तराव्या वर्षीही त्या हाताला कंप नव्हता. म्हणून कागद वाचताना मला असंही म्हणता येईना की, त्यांचं भान सुटलं होतं.

आमचं गाव आंबेखार. पेणच्या खाडीला लागून. समुद्र आणि शेत यांच्यामध्ये मातीचा एक बांध, आणि त्या बांधाला एक उघाडी, म्हणजे पाणी बाहेर सोडायचं लाकडी दार. बांधाला खांड पडली की जोळ लागायची. घरटी एक माणूस चिखलाची ढेकळं घेऊन ओहोटीच्या वेळात उतरायचा आणि भरती चढायच्या आत खांड बुजवायची. ते कुणी सांगायचं नसे, त्याची मजुरी नसे. बांध गावाचा आणि जोळ गावाची.

छप्पन साली उधाणात बांध फुटला तो जोळीलाही आवरला नाही. भाताच्या जमिनीत खाडी आली. सारा, म्हणजे जमिनीचा कर, मात्र भाताचाच लागत राहिला. आजोबा त्या शेतात जाळं लावून निवट्या धरायचे, त्या पेणच्या बाजारात विकायचे आणि त्या पैशांतून त्याच शेताचा सारा भरायचे. दादा हे प्रत्येक सभेत सांगायचे. लोक हसायचे. दादा हसणं थांबेपर्यंत वाट बघायचे आणि म्हणायचे, "आता सांगा, हा सारा भातावर होता की मासळीवर?"

तिथून त्यांचे अर्ज सुरू झाले. मामलेदार, प्रांत, कलेक्टर, महसूलमंत्री. खाऱ्या पाण्याखालच्या जमिनीला सारा नको, एवढीच मागणी. आमच्या घरात आलेल्या पाहुण्याला चहाच्या आधी अर्जाची नक्कल मिळायची. आई म्हणायची, "माज्या लग्नात अंतरपाट धरलेला माणूस पण सारामाफीचाच होता."

चौऱ्याऐंशी साली माफी आली. त्यासाठी एक छापील नमुना होता. प्रत्येक खातेदाराने त्यावर सही किंवा अंगठा द्यायचा. मी तेव्हा बावीस वर्षांची. अलिबागला कॉलेज संपवून आले होते आणि हाताला लागेल ते पुस्तक वाचत होते. दादांनी मला शाईचा डबा धरायला बसवलं. देवळाच्या ओट्यावर ते उभे राहिले आणि त्यांनी नमुना वाचून दाखवला. आमच्या गावात कागद असाच वाचला जायचा, एकाने मोठ्याने आणि सगळ्यांनी उकिडवं बसून. वाचून झाला की कुणीतरी म्हातारं माणूस विचारायचं, "पुरा वाचला?" वाचणाऱ्याने "पुरा" म्हणायचं. मग अंगठा. त्या दोन शब्दांशिवाय आंबेखारमध्ये कुणी अंगठा दिलेला मला माहीत नाही.

त्या दिवशी विचारलं हौसाआत्याने. दादा म्हणाले, "पुरा."

पुढे बांध नव्याने बांधला गेला. पाच-सहा पावसाळ्यांनी जमिनीतलं मीठ धुऊन काढलं आणि भात परत आलं. सारा मात्र आला नाही. गावाला याचा केवढा अभिमान. लग्नाच्या पंगतीत भात वाढताना म्हणायचे, "बिनसाऱ्याचा हाय, जरा जास्त घ्या." दादा त्यानंतर रोहे तालुक्यातल्या खाडीकाठच्या गावांसाठी अर्ज लिहायला लागले. माझं लग्न रोह्याला झालं, मी तिथल्या वाचनालयात नोकरीला लागले, आणि दादांना जेवायला एक घर झालं.

आता तो कागद.

"मा. भूसंपादन अधिकारी यांस. सन १९८४ साली आंबेखार येथील खातेदारांनी सारामाफीच्या नमुन्यावर सह्या व अंगठे दिले. नमुना मी वाचून दाखवला. त्यातील कलम चार मी वाचले नाही. कलम चार असे की, आम्ही सदर जमिनीची वहिवाट व बांधाची देखभाल सोडली असून जमीन खाजण म्हणून सरकारकडे राहील. ते वाचले असते तर कोणी सही केली नसती आणि अठ्ठावीस वर्षांचे काम फुकट गेले असते. मला ती कचेरीची भाषा वाटली. सन १९८७ साली रोहे तालुक्यातील एका गृहस्थांनी त्यांच्या गावाच्या नमुन्यातून हे कलम खोडायला लावले. तेव्हा मला चूक समजली. माझ्या गावाला मी सांगितले नाही. दोष माझा आहे, खातेदारांचा नाही. सबब सदर जमिनीवर पूर्ववत सारा आकारावा आणि वहिवाट त्यांचीच धरावी. मी समक्ष शपथेवर सांगण्यास तयार आहे."

मागच्या बाजूला पेन्सिलने तीन तारखा होत्या. प्रत्येक तारखेपुढे कचेरीतल्या कारकुनाने लिहिलेलं, "आवक घेतले नाही. सुनावणीस आणा."

त्या तीनही तारखांना दादा माझ्याकडे जेवले होते. एकदा सुरण केलं होतं, तेही आठवतं. तिसऱ्या वेळी जेवताना त्यांनी विचारलं, "मालू, चौऱ्याऐंशीला शाईचा डबा तू धरला होतास ना?"

"हो. चार दिवस नखं निळी होती माझी."

ते हसले आणि म्हणाले, "भात वाढ थोडा."

कागद वाचून मी तो घडी घालून परत चष्म्याखाली ठेवला आणि स्वयंपाकघरात जाऊन तांदूळ निवडायला घेतले. तांदूळ आधीच निवडलेले होते. पुंडलिक दुसऱ्या शिफ्टला निघाला होता. मी त्याला बोलावलं आणि कागद दिला. त्याने तो उभ्या उभ्या वाचला, मग बसून वाचला.

"एकच प्रत आहे?" त्याने विचारलं.

"एकच दिसते."

"मग अजून घरातच आहे," तो म्हणाला. त्याचा अर्थ मला कळला, आणि मला कळला हे त्यालाही कळलं. तो कामावर गेला.

हा कागद सुनावणीला का हवा होता, ते सांगायला हवं. दोन वर्षांपूर्वी खाडीवरून एका कंपनीचा रस्ता मंजूर झाला. तो आंबेखारच्या शेतांमधून जाणार. गावाला नोटीस आली की, ही जमीन सरकारी खाजण, म्हणजे खाडीची खारी पड जमीन, आहे. तुम्ही ती चौऱ्याऐंशी साली सोडली, तेव्हा तुमचा संबंध नाही आणि मोबदला नाही. रस्त्याला लागणारीच नव्हे, सगळी त्रेसष्ट खाती. दोन्ही तालुक्यांचं हे काम बघणारे साहेब रोह्याला बसत, म्हणून सुनावणी रोह्याला. मला हे सगळं माहीत होतं. दादांनीच सांगितलं होतं, आणि सांगताना ते म्हणाले होते, "बघू."

दहावा आंबेखारला खाडीवर झाला. विधी चुलतभावाने केले. सगळा गाव आला होता, मिठागरावरची माणसंही काम टाकून आली होती. काळुराम माझ्याजवळ येऊन बसला. गावाच्या बाजूने केसची धावपळ तोच करत होता. बापाविना वाढलेला, आणि दादांनी त्याला अक्षरं शिकवलेली.

"मालूताय, उघाडीवर दादांच्या नावाची पाटी लावायची ठरलीय. पेणला रंगवायला टाकलीय," तो म्हणाला. "पेंटर पैसे सांगतो भरपूर. बोललो, दादा असते तर त्यांनीच रंगवून दिली असती."

"स्वतःच्या नावाची?"

"त्यांनी मंग नाव बदलून सारामाफी लिवला असता." तो हसला आणि लगेच डोळे पुसले. मग आवाज खाली आणून म्हणाला, "सुनावणीला तुला यायला लागंल."

"मी काय करू येऊन?"

"तू व्हतीस ना तिथं. डबा तुज्या हातात. तू फक्त सांगायचा, त्या दिवशी कागदावर चौथा कलम नव्हता. मागाहून घातलाय सरकारनी. दादांनी असला काय वाचला असता तर आमी अंगठे दिले असते काय? माजी आय तिथंच व्हती. ती मरेपर्यंत सांगायची, दत्तूदादानी तीन गोष्टी वाचल्या, तीन."

"नमुना छापील आहे, काळुराम. सगळीकडे तोच होता."

"वकील पण तेच बोलतो. बोलतो, छापील हाय, टिकायचा नाय. बोलतो, लोकांना ठावूक नव्हता ह्ये सांगणारा माणूस आणा. वाचणारा आणा." त्याने खाडीकडे बघितलं. पिंड ठेवले होते तिथे कावळे उतरले होते. "आता वाचणाराच गेला."

माझ्या पिशवीत तो कागद होता. तो मी घरी ठेवू शकत नव्हते आणि बाहेर काढू शकत नव्हते.

घरी आल्यावर मी चौऱ्याऐंशीचा तो दिवस पुन्हा पुन्हा आठवून पाहिला. दादांनी नमुना हातात धरला होता, आणि त्याची खालची कड मागे दुमडलेली होती. वारा होता, कागद फडफडू नये म्हणून दुमडली असेल, असं मला वाटलं होतं. नंतर एकेक माणूस माझ्यासमोर बसायचा. मी कागद ओट्यावर सपाट करायचे, डाव्या हाताने दाबून धरायचे, आणि उजव्या हाताने त्याचा अंगठा धरून खाली टेकवायचे. अंगठ्याची जागा चौथ्या कलमाच्या खाली होती. म्हणजे त्रेसष्ट कागदांवर ते कलम माझ्या बोटांखाली होतं. मी त्या काळात जाडजूड कादंबऱ्या वाचत होते. ते अडीच ओळींचं कलम मी वाचलं नाही, कारण दादांनी नमुना वाचला आहे, हे मला पुरेसं होतं.

गावाला जे पुरेसं होतं तेच.

सुनावणी चौदाव्या दिवशी होती. आंबेखारची माणसं टेम्पोने आली. हौसाआत्याला काळुरामने हाताला धरून वर आणलं. ती ऐंशीच्या पुढची, नऊवारी गुडघ्यापर्यंत खोचलेली, गळ्यात दोरीला बांधलेला दादांचा चष्मा. खुर्च्या कमी होत्या. ती सरळ जमिनीवर उकिडवी बसली, आणि मग तिच्या वयाची सगळीच बसली. साहेब तरुण होते. त्यांनी दोनदा सांगितलं, "आजी, वर बसा." ती म्हणाली, "इथनं आयकू येतो नीट."

वकिलांनी वेळ मागितला. साहेब म्हणाले, वेळ बऱ्याचदा दिला. मग काळुरामने माझ्याकडे बघितलं आणि मी उभी राहिले.

"आपण?"

"दत्तात्रेय मोकलांची मुलगी. त्यांचा एक अर्ज आहे."

"अर्जदार कुठे आहेत?"

"वारले. चौदा दिवस झाले."

"मग हा अर्ज आज दिला कोणी?"

"त्यांनीच. तुमच्या आवकमध्ये तीनदा आणला होता. मागे तारखा आहेत."

साहेबांनी कागद उलटा करून बघितला. बाजूच्या कारकुनाकडे बघितलं. कारकून फाइलीत बघू लागला. साहेबांनी पुढची बाजू वाचली, आणि वाचता वाचता त्यांचा चेहरा बदलला तो मला दिसला. ते हळू आवाजात म्हणाले, "बाई, हे रेकॉर्डवर घ्यायचं तर मोठ्याने वाचावं लागेल. आणि ते वारले आहेत. नुसत्या कागदाला किती वजन द्यायचं, ते मला बघावं लागेल."

"माझा जबाब घ्या. शाईचा डबा मी धरला होता. त्यांनी काय वाचलं आणि काय नाही, ते मी सांगते."

"यांच्यासमोर?"

"यांच्यासमोरच वाचायला हवं," मी म्हणाले.

मी वाचला. कुठेही आवाज न उतरवता वाचायचं ठरवलं होतं. "कलम चार मी वाचले नाही" इथे मागून कुणीतरी खाकरलं. "माझ्या गावाला मी सांगितले नाही" इथे कुणीच काही केलं नाही. पंखा चालू होता. मी शेवटपर्यंत गेले, तारीख वाचली, त्यांची सही वाचली. मग दुमडलेल्या कडेचं सांगितलं. माझ्या बोटांचंही सांगितलं. कारकून लिहीत होता आणि मध्ये एकदा त्याने विचारलं, "दुमडलेली की फाटलेली?" मी म्हणाले, "दुमडलेली."

काळुराम भिंतीला टेकला होता. तो मला म्हणाला नाही, साहेबांना म्हणाला नाही, समोरच्या कपाटाला म्हणावं तसं म्हणाला, "सत्त्याऐंशीपास्नं तेवीस वर्षं आमच्या घरी जेवलाय तो माणूस." आणि तो बाहेर गेला. त्याच्या मागोमाग दोघे-तिघे गेले.

साहेबांनी समोरची फाइल मिटली. मग म्हणाले, हे नवीन आहे, म्हणून सर्व खातेदारांचा आदेश ते आज करणार नाहीत. मूळ खातेदारांपैकी हयात असतील त्यांनी जबाब द्यावेत की, कलम चार आपल्याला वाचून दाखवलं नव्हतं. कारकुनाने जबाबाचा मसुदा केला आणि सह्यांसाठी टेबलावर ठेवला. कुणी उठेना. मला वाटलं, कुणी उठणारच नाही. हा अंगठा देणं म्हणजे दत्तूदादाने फसवलं असं लिहून देणं होतं, आणि त्यांच्यातल्या कित्येकांच्या घरी देवांच्या फोटोशेजारी दादांचा फोटो होता.

हौसाआत्या म्हणाली, "मालू गो, वाच तो."

मी मसुदा उचलला, तिच्यासमोर जमिनीवर बसले आणि वाचला. कागद मी दोन्ही हातांनी वरच्या कडेला धरला होता.

"पुरा वाचला?" तिने विचारलं.

"पुरा."

तिने माझ्या तोंडाकडे बघितलं, बराच वेळ. मग डाव्या हाताचा अंगठा पुढे केला. कारकुनाने शाईचं पॅड दिलं. तिची कातडी इतकी झिजलेली होती की पहिल्यांदा ठसा उमटला नाही. दुसऱ्यांदा मी दाबून धरला. तिने अंगठा केसांना पुसला. मग तिच्यामागे बसलेला एक म्हातारा सरकत पुढे आला, आणि म्हणाला, "मना पण वाच." मी त्याला पहिल्यापासून वाचून दाखवला. त्या दिवशी तो कागद मी अकरा वेळा वाचला. हयात होते तेवढ्यांना, एकेकाला, आणि प्रत्येकाने शेवटी तेच विचारलं.

टेम्पो निघाला तेव्हा काळुराम पुढे ड्रायव्हरशेजारी बसला होता. त्याने माझ्याकडे बघितलं नाही. पाटीचं काय झालं ते मी विचारलं नाही, आणि अजूनही विचारलेलं नाही. आदेश अजून यायचा आहे.

हौसाआत्या टेम्पोत बसली नाही. म्हणाली, आज तुज्याकडं राहते. घरी आल्यावर ती ओट्यावर बसली, मी चहा ठेवला. तिने गळ्यातला चष्मा काढून माझ्यासमोर ठेवला.

"त्या दिवशी मी इचारला ना, पुरा वाचला, तवा दत्तू माज्याकडं बघत नव्हता," ती म्हणाली. "उघाडीकडं बघत व्हता."

"तुला तेव्हाच लक्षात आलं होतं?"

"नाय गो. मना वाटला, आता पाणी जाईल म्हणून बघतो." तिने कप घेतला, फुंकर मारली. "मी परत इचारायला पायजे व्हता. दोनदा इचारला असता तर तो खोटा बोलला नसता. एकदाच इचारला मी."